पालकांसमोर

विज्ञानाच्या तासाला नागटिळक काका दारात येऊन उभे राहिले आणि आम्ही सगळे ताडकन उठून एका सुरात "नमस्ते, पोलीस काका" म्हणालो. तशी शिस्तच होती. हवालदार नागटिळक आमच्या हायस्कूलला नेमून दिलेले पोलीस काका. दर शनिवारी परिपाठाला यायचे, माइक हातात घेऊन "पोलीस तुमचा मित्र आहे, त्याला भ्यायचं नाही" असं सांगायचे आणि लहान वर्गांना लिमलेटच्या गोळ्या वाटायचे. त्या दिवशी शनिवार नव्हता आणि त्यांच्या हातात गोळ्यांची पिशवीही नव्हती.

"कस्तुरी चव्हाण कोण? ये बरं बेटा. हेडसरांनी बोलावलंय."

कोण म्हणून विचारायची काही गरज नव्हती. ते मला चांगले ओळखत होते. मागच्याच शनिवारी वाहतुकीच्या सगळ्या खुणा मी ओळखल्या म्हणून त्यांनी अख्ख्या शाळेला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मी उठले तशी शेजारच्या मुलीनं तिचं दप्तर स्वतःकडं ओढून घेतलं. मला वाटलं, बाहेर पडायला वाट करून देतेय. इतकी मी खुळी होते, आणि तेही पारध्याच्या पोटी जन्मून.

आम्ही फासेपारधी. तालुक्याच्या गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या गायरानात आमची पालं होती. गावात काही हरवलं की लोक आधी आमच्याकडं बघायचे, मग स्वतःच्या घरात शोधायचे. माझा बा डोंगऱ्या चव्हाण एका डाळिंबाच्या बागेत राखणीला होता. माणसं ज्यांना चोर म्हणायची त्यांनाच राखणीला ठेवायची, कारण पारधी राखणीला आहे म्हटल्यावर दुसरा कोणी बागेकडं फिरकत नाही. त्या पालांमधून दहावीच्या बाकावर पोचलेली मी पहिलीच. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती आणि बा भेटेल त्याला सांगत सुटला होता की पोरीचा पेपर आहे. कुठला पेपर, कसला, हे त्याला काही माहीत नव्हतं.

व्हरांड्यातून जाताना काकांनी विचारलं, "अभ्यास काय म्हणतोय?"

"चाललाय काका. भूमिती जरा राहिलीय."

"भूमिती अवघडच असती," ते म्हणाले. खूप मायेनं म्हणाले.

हेडसर म्हणजे गव्हाणे सर. ते खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. काका त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली. मला कोणी बस म्हणालं नाही.

"स्नेहसंमेलनाच्या दिवशी तू कुठं होतीस?" सरांनी विचारलं.

"मुलींच्या खोलीत सर. गौळणीच्या नाचातल्या मुलींच्या वेण्या घालत होते. तुम्हीच तर बाईंना म्हणालात, कस्तुरीच्या हाताला वेणी चांगली बसते."

हे खरं होतं. पण सरांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांनाच त्यात ओढलं.

"श्वेतालीची ठुशी गेलीय," काका म्हणाले. "सोन्याची. तिच्या आईची. नाचासाठी गळ्यात घातली होती."

श्वेताली जगदाळे माझ्याच वर्गात. तिचे वडील शाळा चालवणाऱ्या संस्थेत संचालक. नाच झाल्यावर ठुशी सापडेना म्हणून ती रडली होती, ते मी बघितलंच होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून खोली झाडून काढली होती, सतरंज्या झटकल्या होत्या. मी तर बाकड्यांखाली पोटावर सरपटत शोधलं होतं.

"मी पण शोधत होते काका. नाही सापडली."

"शोधत होतीस का." काका हसले. "बरं. मग कुठं ठेवलीस, सांगून टाक. मी कोणाला नाव कळू देत नाही. वस्तू मिळाली की विषय संपला."

मला क्षणभर कळलंच नाही ते काय म्हणतायत. आणि कळलं तेव्हा डोळ्यांत पाण्याऐवजी राग आला. तो माझा जुना दोष.

"खोलीत सगळ्या नाचणाऱ्या मुली होत्या. त्यांना बोलावलंय का?"

"त्यांना विचारू सावकाश."

"मग मलाही सावकाश विचारा."

"कस्तुरी!" हेडसर ओरडले.

"राहू द्या सर," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळून, आवाज अजिबात न चढवता: "कचेरी ना गं तुझं खरं नाव?"

माझं घरचं नाव कचेरीच. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा ती बाच्या जामिनासाठी कचेरीच्या आवारात बसलेली होती, तिथंच मी झाले. आमच्यात अशीच नावं पडतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी कस्तुरी लिहिलं आणि शाळेत ते दुसरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं. म्हणजे शनिवारी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या तेव्हाही ते ठाऊकच होतं.

"चल, पाच मिनिटं चौकीत जाऊन येऊ," ते उठत म्हणाले. "इथं सरांना कशाला त्रास. गाडी बाहेर आहे."

आणि तेव्हा माझ्या तोंडून तो तक्ता बाहेर पडला. आमच्या नागरिकशास्त्राच्या उंबरजे बाईंनी शिक्षकांच्या खोलीबाहेर बालहक्कांचा मोठा तक्ता लावला होता. अक्षर चांगलं म्हणून तो स्केचपेननं मीच रंगवला होता आणि रंगवता रंगवता तो मला पाठ झाला होता. मी भिंतीला पाठ लावून, परिपाठाला उभं राहावं तशी उभी राहिले आणि म्हणून टाकला. अठरा वर्षांखालच्या मुलाला चौकीत नेता येत नाही. चौकशी करताना पोलिसांनी गणवेशात यायचं नाही. मुलगी असेल तर महिला पोलीस पाहिजे. आईवडील समोर पाहिजेत.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हेडसरांकडं बघून म्हणाले, "बघितलं सर? साध्या घरातल्या पोराला विचारा, यातलं एक तरी कलम येतंय का. हे सराइतालाच पाठ असतं."

हेडसरांनी मान डोलावली. तो तक्ता लागला तेव्हा त्याच सरांनी माझं अक्षर बघून शाबासकी दिली होती.

तेवढ्यात दार ढकलून उंबरजे बाई आत आल्या. मागं कुणीतरी पळत जाऊन त्यांना सांगितलं असणार. बाई चणीनं एवढ्याशा, पण आवाज मैदानाच्या पार टोकाला जायचा. त्यांच्या हाताला अजून खडू लागलेला होता.

"हिला कुठं नेताय?"

"चौकशीला बाई. तुम्ही तास घ्या."

"तास संपला. चौकशी इथं करा, आणि हिच्या घरचे आल्यावर करा. हवालदार साहेब, तुम्ही गणवेशात आलात, महिला कॉन्स्टेबल आणली नाहीत. उद्या मी बालकल्याण समितीकडं गेले तर काय सांगाल?"

"बाई, जगदाळे साहेबांचा फोन आलाय—"

"जगदाळे साहेबांच्या मुलीलाही असंच उचलून न्याल का?"

हेडसर म्हणाले, "उंबरजे बाई, आपण शिक्षक आहोत, वकील नाही."

"शिक्षकच आहे सर. मीच शिकवलंय हे. आता मुलीनं म्हणून दाखवलं तर मी काय कानावर हात ठेवू?"

काका बाहेर जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलले. परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा सूर उतरला होता.

"ठीक आहे बाई. तुमच्या मनासारखं होऊ द्या. बापाला बोलवा. पालकांसमोर दोन प्रश्न विचारतो, हिचं म्हणणं ऐकून घेतो आणि जातो. झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या.

मी जिंकले होते. आयुष्यात इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि खरं सांगायचं तर नंतरही झाला नाही. आमच्या पालांवर पोलीस आला की बायका पोरांना उचलून उसात पळायच्या. आणि इथं मी शाळेच्या ऑफिसात उभी राहून चार वाक्यं बोलले होते आणि पोलीस खुर्चीत परत बसला होता.

आई धाकट्याला घेऊन माहेरी गेली होती, म्हणून बाला बोलवायचं ठरलं. बाईंनी बागेच्या मालकाला फोन लावला. तोवर त्यांनी मला बाजूच्या वाचनालयात नेलं, पाणी दिलं आणि स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं ठेवली.

"खा. आणि वडील आले की घाबरायचं नाही. ते नुसते बसतील. तू जे खरं ते सांगायचं."

"बाई, आमच्या बाला पोलिसांशी बोलायची सवय आहे," मी फुशारकीनं म्हणाले. "तो नाही घाबरत."

"मग काही काळजीच नाही."

"बाई, मी नाही नेली ठुशी."

"मी विचारलं का तुला?" त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीत हलकासा धपका घातला. तो धपका मला अजून हवासा वाटतो.

बा मालकाच्या मोटारसायकलवर मागं बसून आला. चपला त्यानं थेट फाटकापाशीच काढल्या आणि उन्हातून अनवाणी चालत आला. अंगावर बागेत औषध फवारताना घालायचा सदरा होता, त्याचा वास ऑफिसभर पसरला. बाईंनी खुर्ची पुढं केली. तो खुर्चीला हात जोडून तिच्याशेजारी जमिनीवर उकिडवा बसला. माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. त्याचे डोळे काकांच्या पट्ट्यावर होते.

"काय डोंगऱ्या," काका म्हणाले.

"जी साहेब."

"ओळखलंस का?"

"जी. वळखलं."

बाई त्याच्यासमोर वाकून, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागल्या. "हे बघा, तुमच्या मुलीनं काहीही केलेलं नाही. तिच्यावर तक्रारसुद्धा लिहिलेली नाही. हवालदार साहेब तिला दोन प्रश्न विचारणार आहेत. तुम्ही फक्त समोर बसायचं. तो तुमचा हक्क आहे. कळलं का?"

"जी बाई."

"कोणी काही विचारलं तरी तुम्ही उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही."

"जी."

मग त्यानं काकांना विचारलं, "साहेब, पोरीला सोडनार का?"

"मी कुठं धरलंय तिला? ही काय उभी आहे."

"न्हाई, पर सोडनार का? तिचा पेपर हाय."

"वस्तू मिळाली की सोडू."

"काय गेलंय?"

"ठुशी. सोन्याची."

बानं मान हलवली. एखाद्याला औषधाचं नाव सांगावं आणि त्यानं ते लक्षात ठेवावं, तसं ओठांत एकदा पुटपुटून बघितलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवरून काढून पुढं केले.

"ती म्या न्हेली साहेब."

बाहेर कुठल्या तरी वर्गात पोरं पाढे म्हणत होती.

"अहो, काय बोलताय?" बाई ओरडल्या. "तुम्ही त्या दिवशी शाळेत आला तरी होतात का?"

"आलो व्हतो. पोरीचा नाच बगाया."

"ती नाचात नव्हतीच! ती वेण्या घालत होती!"

"त्येच. येन्या बगाया," बा म्हणाला.

त्या दिवशी तो बागेतच होता. डाळिंबाची तोड चालली होती, व्यापाऱ्याची गाडी आलेली होती, आणि संमेलनाला ये म्हणून मी रुसून बसले तरी त्याला सुट्टी मिळाली नव्हती. हे मालकाला ठाऊक होतं. पण मालक बाला फाटकात सोडून, पोलिसांची भानगड नको म्हणून, केव्हाच निघून गेला होता.

मी आमच्या बोलीत ओरडले, "बा, खोटं कशाला बोलतोस? मी काही नेलं नाही!"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. आमच्याच बोलीत, अगदी हळू म्हणाला, "मला ठाऊक आहे. तू गप बस. तुझी परीक्षा आहे."

तेव्हा मला समजलं. आमच्याकडं हीच रीत होती. गावात चोरी झाली की पोलीस पालांवर यायचे आणि कोणालाही उचलायचे, बहुतेक वेळा तरणं पोर किंवा नवीन लग्न झालेला. मग जाणती माणसं एकत्र बसायची आणि ठरवायची की याच्याऐवजी कोण जाईल. ज्याची लेकरं मोठी झालीत असा कुणीतरी उठायचा, चौकीत जाऊन 'म्या केलं' म्हणायचा आणि पोर घरी यायचं. चोरी कोणी केली हा प्रश्न त्यात कुठं यायचाच नाही. माझा आजा असाच दोनदा गेला. बाला पोलिसांशी बोलायची सवय आहे असं मी बाईंना सांगितलं होतं, ती ही सवय. त्याच्या साऱ्या आयुष्यात पोलिसांच्या हातातून लेकरू सोडवायचा दुसरा रस्ताच त्यानं पाहिलेला नव्हता. बाई त्याला हक्क समजावून सांगत होत्या आणि तो फक्त एवढंच ऐकत होता की पोरगी पोलिसांच्या ताब्यात आहे.

मी मराठीत किंचाळले. "सर, आत्ता तो काय म्हणाला माहितीय? मला ठाऊक आहे हिनं काही केलं नाही, तुझी परीक्षा आहे, असं म्हणाला! मला सोडवायला तो खोटं बोलतोय!"

"आता तू असंच सांगणार ना बेटा," काका म्हणाले. "आम्हाला कुठं तुमची भाषा येते."

"बा, सांग त्यांना! सांग मी बरोबर सांगितलं ते!"

बा खाली मान घालून बसला. कान धरून शाळेबाहेर काढलेलं मूल बसतं तसा.

"हवालदार साहेब, याला काही अर्थ नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "हा माणूस घाबरून बोलतोय. तुम्हालाही दिसतंय."

काकांनी टोपी उचलली, डोक्यावर नीट बसवली. "बाई, मी पोरीला हात लावला? नाही. चौकीत नेली? नाही. तुम्ही म्हणालात पालक पाहिजेत, बोलावले. पालकांसमोर विचारलं. सगळं तुमच्या तक्त्याप्रमाणं झालं. आता बाप स्वतःच्या तोंडानं सांगतोय तर मी काय करू?"

आज इतकी वर्षं झाली, मी कितीदा तरी त्या ऑफिसात परत जाऊन उभी राहते, मला अजून याचं उत्तर सुचलेलं नाही.

हेडसरांनी सुस्कारा सोडला आणि शिपायाला चहा सांगितला. चहा आला. काकांनी आणि सरांनी घेतला. सरांनी बालाही कप द्यायला लावला, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. बानं तो बशीत ओतून, भुरके मारत, पोटभर प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं समाधान होतं. त्याचं काम झालं होतं.

जाताना तो दारात थांबला. "जा, वर्गात बस," म्हणाला. चपला फाटकाशीच होत्या. त्या पायात सरकवल्या आणि पोलीस गाडीत स्वतःहून मागच्या बाजूला चढून बसला.

मी वर्गात गेले नाही. बाई मला धरून घेऊन गेल्या तरी माझे पाय उंबऱ्याच्या आत जाईनात. आत श्वेताली मैत्रिणींना काही तरी सांगत होती आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना फक्त बरं वाटलं होतं की चोर सापडला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. बानं चोरी कबूल केली, पण ठुशी कुठून देणार? मग ती शोधायला पोलीस पालांवर यायला लागले. भांडी फेकली, गोधड्या फाडल्या, चुली उकरल्या. माझ्या चुलत्याला मारलं. आई माहेराहून आली ती हेच बघायला. जाणती माणसं बसली आणि ठरलं की इथून उठायचं. पालं गुंडाळून सगळे पहाटे निघाले आणि दुसऱ्या जिल्ह्यात एका माळावर जाऊन उतरले. मी म्हणाले, मी बाईंच्या घरी राहते. आई म्हणाली, पोलिसांना एक माणूस मागं सापडला तर सगळे सापडतील. तिचंही चुकीचं नव्हतं. मी दप्तर घेऊन निघाले, भूमितीचं पुस्तकही होतं.

बाई माझं हॉलतिकीट घेऊन गायरानात आल्या होत्या. ते मला पुढं कधीतरी बागेच्या मालकाकडून कळलं. तिथं त्यांना चुलींचे दगड तेवढे दिसले. त्यांनी ओढ्याअलीकडच्या वस्तीवर, बाजारात, एसटी स्टँडवर विचारलं म्हणे. मग बाईंची संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या शाळेवर बदली झाली.

आणि ठुशी मिळाली. गौळणीचे पोशाख जिल्ह्याच्या गावातल्या एका ड्रेसवाल्याकडून भाड्यानं आणले होते. नाच झाल्यावर कोणीतरी घाईत पोशाख तसेच गोळा करून गाठोड्यात कोंबले, आणि ठुशी पोलक्याच्या हुकात अडकून त्याच्याबरोबर गेली. उन्हाळ्यात पुढच्या गिऱ्हाइकासाठी पोलकी इस्त्री करताना ड्रेसवाल्याला ती दिसली आणि बिचाऱ्यानं स्वतः येऊन शाळेत पोचवली. चांगला माणूस.

मला वाटलं, आता बा सुटणार. आई वकिलाकडं गेली. वकील म्हणाला, ठुशीचं प्रकरण मिटेल, पण चौकीत असताना डोंगऱ्यानं आणखी दोन घरफोड्या कबूल केल्यात, त्या कोर्टात उभ्या आहेत. कुठल्या घरफोड्या? ज्या उघडकीला येत नव्हत्या त्या. बाला विचारलं असेल, ही पण तूच केलीस ना, आणि पोरीला सोडलंय ना एवढी खात्री करून घेऊन तो हो म्हणाला असेल. ठुशी सापडल्याची बातमी कोणी छापली नाही. जगदाळ्यांच्या घरी मात्र पेढे वाटले, असं ऐकलं.

मी बाला भेटायला तुरुंगात गेले तेव्हा जून उजाडला होता. तोवर आईला एकटीलाच भेट मिळायची. जाळीच्या अलीकडं मी, पलीकडं तो. केस बारीक कापलेले, गाल आत गेलेले. मला बघून त्याचे डोळे इतके चमकले की मी सगळं सांगायचं ठरवून आले होते ते राहूनच गेलं. आईनं येताना वाटेत फक्त एवढंच म्हटलं होतं, त्याला काय सांगायचं ते तू बघ.

त्यानं आमच्या बोलीत विचारलं, "झाले पेपर?"

"झाले."

"सगळे?"

"सगळे झाले बा."

"अवघड होते?"

"भूमितीचा जरा अवघड होता. बाकी सोपे गेले."

"निकाल?"

"लागला." मी जाळीत बोटं अडकवली. "पास झाले. पहिल्या वर्गात."

तो वळून, मागं उभ्या असलेल्या शिपायाला मराठीत म्हणाला, "साहेब, पोरगी धावी पास झाली माजी. पैल्या वर्गात." शिपाई म्हणाला, "अरे वा." शेजारच्या जाळीपाशी बोलत असलेल्या एका म्हाताऱ्या कैद्यालाही त्यानं हात लावून सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून हात वर केला.

वेळ संपली म्हणून शिपायानं हाक दिली. बा उठला आणि जाता जाता परत जाळीशी आला.

"बघ," तो म्हणाला, "मी त्या दिवशी लगेच कबूल झालो म्हणून बरं झालं. तुझ्या त्या बाई कशाला तरी वाद घालत बसल्या होत्या. मी ऐकलं असतं तर तुझी परीक्षा बुडली असती."

"हो बा," मी म्हणाले.